लोखंडी डोक्याचा प्रॉसर

मार्सडेन कॉलेजात एव्हन प्रॉसर आला तो पाद्री व्हायला. वर्गातली बाकीची पोरं सतरा-अठराची, नुकतं मिसरूड फुटलेली. हा विशीतला, दारात अडकतील असे खांदे, आणि हातांवर भट्टीच्या ठिणग्यांनी पडलेले पांढरे डाग. बाप वेल्समधून ओहायोत आलेला, नदीकाठच्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर राबणारा. एव्हनही लहानपणीच त्या भट्टीसमोर उभा राहिला. पण त्याचा आवाज असा खर्जातला आणि बायबल त्याला असं तोंडपाठ, की तिथल्या चॅपलच्या मंडळींनी ठरवूनच टाकलं, हा पोरगा इथं जाळायचा नाही. त्यांनीच त्याला शिकायला धाडलं.

पहिल्याच आठवड्यात तो दोन मुलांच्या पेट्या दोन खांद्यांवर घेऊन वसतिगृहाचा जिना चढत होता. फुटबॉलचा कप्तान खालून बघत होता.

"तू खेळतोस का रे?"

"काय?"

"फुटबॉल."

"मी तर तो पाहिलेलासुद्धा नाही."

"पाहण्यासारखं काही नाही त्यात. समोरचा माणूस आडवा करायचा."

"का? त्यानं काय केलंय?"

कप्तान इतका हसला की एव्हनलाही हसू आलं, आणि त्याच दुपारी तो मैदानात उतरला.

१८९३ सालचा फुटबॉल म्हणजे कुस्ती आणि चेंगराचेंगरी यांच्या मधलं काहीतरी. अंडाकृती चेंडू एकानं पोटाशी कवटाळायचा, बाकीच्यांनी एकमेकांच्या कमरेत हात अडकवून पाचर करायची आणि ती पाचर धावत नेऊन समोरच्यांवर आदळायची. डोक्यावर काही नाही. पोरं उन्हाळ्यापासून केस वाढवत, तेवढाच काय तो आधार. एव्हन पाचरीच्या टोकाला असे. म्हणजे पहिला दणका त्याच्या कपाळाला.

कॉलेजच्या फाटकासमोर लव्हेल यांचं औषधांचं दुकान होतं. सामना संपला की पोरं लंगडत, कण्हत, शिव्या देत तिथं यायची. लव्हेलांची मुलगी हॅटी गल्ल्यामागं उभी असायची. बापाचा चष्मा जाडा झाल्यापासून जखमा धुवायचं काम तिच्याकडं आलं होतं. एव्हन पहिल्यांदा आला तेव्हा रक्त केसांतून कानामागं उतरून कॉलरवर वाळलं होतं.

"केस कापले असतेस तर जखम तरी दिसली असती," हॅटी म्हणाली.

"कप्तान म्हणतो, केस हीच आपली टोपी."

"कप्तानाला म्हणावं, टोपी फाटली."

त्यानंतर त्याला जरा जास्तच खरचटू लागलं, असं हॅटीचे वडील म्हणायचे. करंगळीला ओरखडा आला तरी स्वारी दुकानात हजर.

तिसऱ्या वर्षी ऑल्डरटन कॉलेजाशी सामना झाला. ऑल्डरटन म्हणजे शेजारचं गाव आणि जुनं वैर. दुसऱ्या डावात एव्हन पडला तो उठेना. त्याच्या तोंडावर बादलीभर पाणी ओतलं, नाकाशी हुंगायची बाटली धरली, तेव्हा तो उभा राहिला. कोणीतरी हातात चेंडू दिला आणि तो तीन माणसं अंगावर लोंबकळत असताना चुन्याची शेवटची रेघ ओलांडून गेला. मार्सडेननं त्या वर्षी ऑल्डरटनला हरवलं. गावानं मशाली पेटवल्या. एव्हन दुकानात आला, स्टुलावर बसला आणि हॅटीला म्हणाला,

"कोण जिंकलं गं?"

"तूच की जिंकवलंस!"

"असं?" तो आनंदानं हसला. हॅटी पट्टी बांधायला वळली, तर मागून पुन्हा आवाज आला. "हॅटी, कोण जिंकलं?"

दुकानात गर्दी होती. सगळे पोट धरधरून हसले. हॅटीही हसली. पुढं कितीतरी वर्षं गावात कोणी भेटलं की त्याला विचारायचं, "काय प्रॉसर, कोण जिंकलं?" त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं लोखंडी डोक्याचा प्रॉसर. न्हावी ते म्हणायचा, पोस्टमास्तर म्हणायचा, आणि एव्हनला ते कोटाला लावलेल्या पदकासारखं वाटायचं.

पाद्री तो झाला नाही. शिक्षण संपलं तेव्हा कॉलेजनं विचारलं, पोरांना शिकवशील का? व्यायामशाळा आणि फुटबॉल. नदीकाठच्या चॅपलला वाईट वाटलं, पण एव्हनला मैदान सोडवेना आणि हॅटीला गाव सोडवेना. दोघांचं लग्न झालं. वरच्या आळीला एक पांढरं लाकडी घर त्यांनी घेतलं. मूल झालं नाही. त्याबद्दल ती दोघं बाहेर कधी बोलली नाहीत. पण दर रविवारी प्रार्थनेनंतर त्यांच्या जेवणाच्या टेबलाला फळी जोडावी लागायची. घरापासून लांब आलेली पोरं यायची, कोंबडीच्या रश्श्यात पिठाचे गोळे बुडवून खायची, आणि एव्हन टेबलाच्या टोकाला बसून मिठाची भांडी इकडून तिकडं सरकवत चाली समजावायचा.

कोच म्हणून तो कडक होता, पण दुष्ट नव्हता. शिवी द्यायचा नाही. चॅपलमध्ये वाढलेला माणूस, त्याची सर्वांत मोठी शिवी म्हणजे बायबलातल्या येशूच्या विरोधकांचं नाव, "अरे सदूकी!" पोरांना ती इतकी आवडायची की मुद्दाम चुका करायची. फक्त एका गोष्टीला त्याच्याकडं माफी नव्हती. दुखतंय म्हणून बाहेर बसायचं नाही. "मी बसलो का?" एवढंच तो म्हणायचा.

१९०५ साली देशभर मैदानांवर पोरं दगावली. कोणाची मान मोडली, कोणाचं डोकं फुटलं. वर्तमानपत्रं भरून आली. मार्सडेनच्या प्राध्यापकांनी कॉलेजच्या चॅपलमध्ये सभा बोलावली. खेळ बंद करायचा, असं बहुतेकांच्या मनात होतं. एव्हनला बोलायला उठवलं. हॅटी मागच्या बाकावर होती.

"मंडळी," तो म्हणाला, "या गावात माझ्याइतका मार कोणी खाल्ला नसेल. चार वर्षं मी पाचरीच्या टोकाला होतो. बघा माझ्याकडं. काय कमी आहे माझ्यात?"

"व्याकरण!" भाषेचे म्हातारे प्राध्यापक ओरडले. सभा हसली, आणि हसलेल्या सभेला मग बंदी घालणं जमेना. पुढच्या वर्षी नियम बदलले, पाचरी गेल्या, चेंडू पुढं फेकायची मुभा आली. मार्सडेनमध्ये खेळ राहिला. घरी जाताना हॅटीनं त्याचा दंड धरला होता. तिला त्याचा अभिमान वाटत होता.

डोकेदुखी सुरू झाली तेव्हा तो चाळिशी ओलांडून दोन-तीन वर्षं पुढं गेला होता. दुपारी पडदे ओढून तो पडून राहायचा. मग राग आला. आधी कधी नव्हता तो. एका रविवारी शेंगा नीट शिजल्या नाहीत म्हणून त्यानं रश्श्याचं भांडं भिंतीवर फेकलं, आणि भिंतीवरून ओघळणाऱ्या रश्श्याकडं असा बघत बसला, जणू ते दुसऱ्याच कोणी केलं. हॅटीनं भिंत पुसली. पोरांना सांगितलं, कोचना रात्री झोप नव्हती.

मग विसरणं आलं. न्हाव्याकडून घरी यायला निघालेला एव्हन गावाबाहेरच्या गिरणीच्या तळ्यावर सापडला. घराची वाट त्यानं पंचवीस वर्षं तुडवली होती. डॉक्टर म्हणाले, "थकवा आहे. मासे खायला घाला." हॅटीनं मासे खायला घातले. पोरं जेवायला आली की ती दारातच मोठ्यानं नावं घेऊ लागली. "ये वेंडेल, ये! ऑरिन, पाय पूस!" म्हणजे टेबलाशी बसलेल्या एव्हनच्या कानावर नावं पडायची. सामन्याला ती पूर्वी बायकांबरोबर वर बसायची, ती आता खेळाडूंच्या बाकाच्या अगदी मागं, पहिल्या फळीवर बसू लागली. काही लागलं तर वाकून सांगता यावं म्हणून.

एका दुपारी ऑरिन टटल ॲपल-पायची रिकामी ताटली परत द्यायला स्वयंपाकघराच्या दारी आला. ऑरिन त्या वर्षीचा कप्तान. सुताराचा मुलगा, बोलायला सावकाश.

"प्रॉसरबाई, एक विचारू का?"

"विचार की."

"कोचना... बरं असतं ना?"

हॅटी बशी पुसत राहिली. "का रे?"

"काल आम्ही दुपारभर एकच चाल केली. संपली की कोच म्हणायचे, आता तुम्हाला एक नवी चाल दाखवतो. आणि पुन्हा तीच."

"मग?"

"मग काय, केली. दर वेळी नवी असल्यासारखी. कोणी हूं की चूं केलं नाही, बाई. पर्किन्सला हसू फुटलं, तर बाकीच्यांनी त्याला धरून चिखलात दाबला."

हॅटीनं बशी खाली ठेवली आणि खुर्चीवर बसली. ऑरिन पायांकडं बघत म्हणाला, "चाली मी बघीन. तसंही सामना चालू असताना कोचनी बाकावरून बोलायचं नाही, असा नियमच आहे. कोणाला कळणार नाही."

तेव्हाच काहीतरी करायला हवं होतं, असं हॅटीला नंतर वाटलं. पण त्या घटकेला तिला एवढंच वाटलं, की आता हे ओझं उचलायला आणखी कोणी आहे. तिनं ऑरिनला उरलेला ॲपल-पाय कागदात बांधून दिला.

१९२२च्या नोव्हेंबरात ऑल्डरटनचा संघ मार्सडेनला आला. थंडी कडाक्याची, मैदान दगडासारखं. सगळं गाव फळ्यांवर येऊन बसलं होतं. पहिला डाव संपता संपता वेंडेल ओक्स चेंडू घेऊन घुसला आणि ऑल्डरटनच्या दोन जाडजूड पोरांच्या मध्ये सापडला. वेंडेल शेतकऱ्याचा मुलगा, अंगानं बैल, स्वभावानं कोकरू. डोक्यावर चामड्याची टोपी होती, ती लांब जाऊन पडली. तो पडला, पाणी मारल्यावर उठला, आणि मध्यंतरात इतरांसारखाच घोंगडी पांघरून येऊन बसला. हॅटीच्या पायांशीच. कोणीतरी त्याला लिंबाची फोड दिली.

"प्रॉसरबाई," तो म्हणाला, "आता आपण कुठल्या बाजूला जायचंय?"

"ओढ्याच्या बाजूला, वेंडेल."

"बरं." त्यानं लिंबू चोखलं. ऑरिन सगळ्यांना काहीतरी सांगत होता. "बाई, आपण कुठल्या बाजूला जायचंय?"

"ओढ्याच्या बाजूला, बाळा."

"हं." त्यानं लिंबाची साल खाली टाकली. मग त्यानं मान वर केली, अगदी शांतपणे, सभ्यपणे. "प्रॉसरबाई, आपण आता कुठल्या बाजूला जायचंय हो?"

हॅटीनं वाकून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. एका डोळ्यातलं काळं नेहमीएवढं, दुसऱ्यातलं पसरून सगळा डोळा व्यापून राहिलेलं.

"एव्हन," तिनं हाक मारली. "वेंडेलला बरं नाही. त्याला बसव."

एव्हन उकिडवा बसला. पोराच्या गालावर त्यानं दोन हलक्या चापट्या मारल्या. "नाव काय तुझं, मर्दा?"

"वेंडेल ओक्स, कोच."

"झालं तर! नाव आठवतंय म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. ऊठ."

हॅटीनं मघाशी नाव घेतलं नसतं, तर ते वेंडेलला स्वतःला तरी आठवलं असतं का, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं ऑरिनकडं बघितलं. ऑरिननं तिच्याकडं बघितलं, वेंडेलकडं बघितलं, आणि मान खाली घातली. सामना बरोबरीत होता. कोचचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

पोरं मैदानात गेली. वेंडेल आपल्या जागी उभा राहिला, पण तोंड उलट्या बाजूला. कोणीतरी खांदे धरून त्याला वळवलं. लोक हसले.

हॅटीनं घोंगडी बाजूला ठेवली, झगा उचलला, फळीवरून पाय टाकून ती बाकाजवळून पुढं गेली आणि चुन्याची रेघ ओलांडून मैदानात शिरली. आधी लोकांना कळेना. मग हशा पिकला. एक जण वरून ओरडला, "पुढच्या शनिवारी बाईलाच कोच करा!" पंच शिट्टी फुंकत धावत आला. बुटकासा, लाल नाकाचा माणूस.

"बाई, तुम्ही मैदानात आलात."

"मला ठाऊक आहे."

"बाहेर व्हा, नाहीतर मार्सडेनला दंड होईल."

"करा दंड," हॅटी म्हणाली, आणि तिनं वेंडेलचा हात धरला. तो प्रचंड पोरगा लहान मुलासारखा तिच्याबरोबर चालू लागला.

तोवर एव्हन येऊन पोचला होता. चेहरा लाल, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. "हॅटी! रेघेच्या बाहेर! तुला लाज वाटत नाही?"

"त्यानं मला एकच गोष्ट तीनदा विचारली, एव्हन."

"मग? मीही विचारायचो! सगळ्या गावाला ठाऊक आहे! मला काय झालं? बघ माझ्याकडं!"

"बघतेय," हॅटी म्हणाली. "रोज बघतेय."

तिनं ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पण जवळ उभ्या असलेल्या पोरांनी ऐकलं, पंचानं ऐकलं. ऑरिन पुढं आला. टोपी हातात घेऊन पंचाला म्हणाला, "ओक्सच्या जागी पर्किन्स येईल." मग एव्हनला म्हणाला, "कोच, चला, बसू या." आणि त्यानं त्याला बाकापर्यंत नेऊन सोडलं.

मार्सडेन हरलं. वेंडेल फळ्यांच्या मागं जाऊन ओकला आणि डॉक्टरांच्या ओसरीवर पोचता पोचता त्याची शुद्ध हरपली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. आणखी एक दणका बसला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना विचारलं तर ते काही खात्रीनं बोलेनात. गावानं त्यांची वाट पाहिली नाही; दोष हॅटीचाच, असं ठरवून टाकलं. रविवारी प्रार्थनेच्या वेळी हॅटीच्या शेजारी येऊन कोणी बसलं नाही. पेढीवाल्याच्या बायकोनं नमस्कार घेतला नाही.

घरात एव्हन अबोल झाला. समोर ठेवलं ते खायचा, उठून जायचा. हॅटीनं दोन-तीनदा तोंड उघडलं, पण त्यानं पाठ फिरवली. तो आठवडा असाच गेला. पुढच्या रविवारी सकाळी ओटची लापशी खाता खाता त्यानं चमचा खाली ठेवला.

"हॅटी, आपलं काही भांडण झालंय का?"

तिनं वर पाहिलं.

"मला तुझा राग आलाय," तो म्हणाला. "सारखा येतोय. सकाळी उठलो की आहेच. पण कशाचा, ते आठवत नाही."

नाही म्हणून सोडून देणं सोपं होतं. इतकी वर्षं तिनं तेच केलं होतं. भिंत पुसली होती, नावं पुरवली होती. तिनं खुर्ची त्याच्या जवळ ओढली आणि सगळं सांगितलं. वेंडेलचं, मैदानाचं, तिनं काय म्हटलं त्याचं. मग गिरणीच्या तळ्याचं. मग रश्श्याच्या भांड्याचं, आणि पोरं एकच चाल दुपारभर करतात त्याचं. त्याची लापशी गार झाली.

"पोरांना माहीत आहे?"

"हो."

"सगळ्यांना?"

"हो, एव्हन."

त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं, खूप जड वस्तू धरावी तसं. मग म्हणाला, "मला त्या मुलाकडं ने."

ऑरिननं बापाची फोर्ड आणली. ओक्सांच्या शेतावर वेंडेलचा बाप गोठ्याच्या दारात उभा होता. त्यानं एव्हनचा पुढं केलेला हात घेतला नाही. हॅटीला मात्र टोपी काढून नमस्कार केला. आत, पडदे ओढलेल्या खोलीत वेंडेल पडला होता. डोक्याला ओला कपडा. एव्हन पलंगाशेजारी उभा राहिला.

"पोरा," तो म्हणाला, "मी तुला परत खेळायला पाठवलं, असं हॅटी सांगते. मला ते आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही. म्हणजे मी पाठवलं असणार. माझं चुकलं."

वेंडेलनं डोळे किलकिले केले. "मलाही आठवत नाही, कोच."

एव्हननं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर आला. गाडीत बसताच म्हणाला, "आता अध्यक्षांच्या घरी."

"आज रविवार आहे," हॅटी म्हणाली. "उद्या सकाळी जाऊ ना."

"उद्यापर्यंत मी विसरेन. तू मला पुन्हा सांगशील, मी पुन्हा हे असं ऐकून घेईन, आणि परवा पुन्हा. आत्ता मला ठाऊक आहे, हॅटी. आत्ताच जाऊ."

कॉलेजचे अध्यक्ष डॉक्टर लेदरबी चहा घेत होते. त्यांनी खुर्ची दिली, पण एव्हन बसला नाही. त्यानं कोचची जागा सोडली. का, तेही सांगितलं, चॅपलमधल्या त्याच खर्जातल्या आवाजात. मग म्हणाला, "जाता जाता एकच मागतो. ज्या मुलानं एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारली, तो त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. मार्सडेनमध्ये एवढा नियम करा."

लेदरबींनी कप खाली ठेवला. "प्रॉसर, असला नियम कागदावर आणायचा कसा? ऑल्डरटनवाले हसतील."

"हसतातच आहेत. जिंकलेत ते."

नियम कागदावर आला नाही. पण ऑरिन दारात उभा होता आणि त्यानं ऐकलं होतं.

सोमवारी एव्हन शिट्टी गळ्यात घालून मैदानाकडं निघाला. हॅटीनं त्याला फाटकात गाठलं आणि सांगितलं. मंगळवारीही सांगावं लागलं. थंडीभर सांगावं लागलं. दर वेळी त्याला ती बातमी नवीच असायची, आणि दर वेळी तो म्हणायचा, "बरोबर केलं मी." एवढं एक तिला पुरायचं.

ऑरिनचं शिक्षण संपलं आणि कॉलेजनं त्यालाच कोच केलं. शरद ऋतू आला की तो दुपारी घरी येऊन एव्हनला घेऊन जायचा, रेघेबाहेर खुर्चीत बसवायचा, पायांवर घोंगडी घालायचा. ऑरिनचा संघ पहिली वर्षं फार जिंकला नाही. एकदा त्यानं आपला सर्वांत चांगला पोरगा भर सामन्यात काढून घेतला, तेव्हा फळ्यांवरून लोकांनी त्याला नको नको ते म्हटलं. "का काढलास?" म्हणून माजी विद्यार्थ्यांनी घेरलं, तर सावकाश बोलणारा ऑरिन म्हणाला, "त्यानं मला दोनदा विचारलं." आणि पुढं काही बोलायला तयारच होईना.

शेवटची दोन वर्षं वाईट गेली. ती कोणापासून लपवली नाहीत. एव्हननं एकदा हॅटीला ढकललं आणि तिचं मनगट मोडलं. कोणी परकी बाई घरात शिरली, असं त्याला वाटलं होतं. त्यानंतर संघातली दोन-दोन पोरं आळीपाळीनं त्यांच्या खालच्या खोलीत मुक्कामाला राहू लागली. ऑरिननं सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून. त्याला उचलायची, आंघोळ घालायची, त्याच्या शिव्या ऐकायची. आता मात्र तो भट्टीवरच्या शिव्या द्यायचा, आणि त्या पोरांना मुळीच गमतीच्या वाटत नसत. मग इंग्रजी कमी कमी होत गेलं आणि आईची वेल्श तेवढी उरली. हॅटीला ती येत नव्हती. ती शेजारी बसून ऐकायची.

१९२८च्या मार्चमध्ये छातीत सर्दी उतरली आणि तो गेला. पंचावन्न वर्षांचा होता.

दफनाला त्याचा धाकटा भाऊ आयवर आगगाडीनं आला. हातांवर तसेच पांढरे डाग. शवपेटी उचलायला ऑरिन होता, पर्किन्स होता, वेंडेल होता. वेंडेल आता बापाचं शेत बघायचा. त्या दणक्यानंतर गेलेला वास मात्र त्याला परत आला नाही, फुलांचा नाही की शेणाचा नाही. पेढीवाल्याची बायको आली आणि हॅटीच्या शेजारी उभी राहिली. पाद्र्यांनी वाचून झाल्यावर आयवरनं खड्ड्याशी उभं राहून वेल्शमध्ये एक भजन म्हटलं, एकट्यानं, टोपी छातीशी धरून. कोणालाच शब्द कळले नाहीत. पण आवाज तोच होता, खर्जातला, आणि हॅटीचा इतका वेळ धरलेला बांध तिथं फुटला.

परतताना बर्फ वितळून रस्त्याचा राडा झाला होता. उतारावर ऑरिनच्या गाडीचं मागचं चाक रुतलं. हॅटी उतरायला लागली, तर वेंडेल म्हणाला, "तुम्ही बसून राहा, प्रॉसरबाई." काळे कोट काढून त्यांनी कुंपणावर टाकले. ऑरिन स्टिअरिंगवर राहिला, बाकी सगळ्यांनी गाडीला खांदे लावले. आयवरही त्यांच्यात शिरला. चिखल उडाला, कोणीतरी घसरून गुडघ्यावर आलं, पुन्हा उठलं. दुसऱ्या रेट्याला चाक सुटलं आणि गाडी गावाच्या रस्त्याला लागली.